ड्राफ्ट चुकला की नशीब? फँटसी बेसबॉलमधला जुलैचा हिशेब

२०२४ च्या मार्चमध्ये न्यू जर्सीतल्या आमच्या ऑफिसच्या फँटसी बेसबॉल लीगचा ड्राफ्ट झाला, म्हणजे खऱ्या खेळाडूंची आपापसांत वाटणी. बारा जण, बारा टीम. पहिला क्रमांक माझ्या एका मित्राला लागला. तो मूळचा सांगलीचा, इथे येऊन वीस वर्षं झालेली. त्याने जराही न थांबता अटलांटाच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनियरचं नाव घेतलं. मला सहावा क्रमांक मिळाला, मी ॲरिझोनाच्या कॉर्बिन कॅरलला घेतलं.

जुलैच्या मध्यावर, ऑल-स्टार म्हणजे निवडक खेळाडूंच्या सामन्याच्या सुट्टीत, आम्ही दोघं डबे उघडून बसलो होतो आणि समोर लॅपटॉपवर लीगचा तक्ता होता. अकुन्या मे महिन्यातच गुडघा मोडून घरी बसला होता. कॅरल रोज खेळत होता, पण त्याची बॅटिंग ॲव्हरेज (बॅटिंगच्या दर संधीमागे यशस्वी फटके, म्हणजे हिट) ०.२१२ आणि होम रन (बहुधा थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) फक्त ५. लीगमध्ये सगळ्यांचं एकच मत होतं : दोघांची पहिली निवड वाया गेली. वरवर पाहिलं तर खरंच होतं ते. पण ही दोन अपयशं एका जातीची नव्हती, आणि तो फरक न ओळखल्यामुळे मी त्याच आठवड्यात एक मोठी चूक केली. सीझनच्या मध्यावर आपल्या निवडींकडे कसं पाहावं, हे मी त्या चुकीतून शिकलो.

आधी खेळ थोडक्यात सांगतो. नाशिकच्या माझ्या भाच्याने विचारलं होतं, "मामा, हे ड्रीम इलेव्हनसारखंच ना?" मूळ कल्पना तीच, पण चाल वेगळी. तिथे प्रत्येक सामन्याला नवी टीम लावायची आणि रात्री निकाल. इथे मार्चमध्ये एकदाच खेळाडू वाटून घ्यायचे आणि सप्टेंबरअखेरपर्यंत, १६२ सामन्यांच्या सीझनभर, तीच टीम सांभाळायची. एक खेळाडू एकाच टीमकडे. अकुन्या मित्राने घेतला की बाकी अकरा जणांना तो मिळत नाही. वाटणी नागमोडी होते : पहिल्या फेरीत १ ते १२, दुसऱ्या फेरीत उलट १२ ते १, आणि अशा वीस-पंचवीस फेऱ्या. नंतर बदल करायचे तर कोणाकडेच नसलेल्या खेळाडूंतून एखादा उचलायचा, म्हणजे वेव्हरवरून घ्यायचा, नाहीतर दुसऱ्या टीमशी अदलाबदल करायची.

गुण देण्याची सर्वांत जुनी पद्धत रोटिसरी. १९८० साली न्यूयॉर्कमधल्या डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी ती सुरू केली, आणि ज्या फ्रेंच रेस्टॉरंटमध्ये ते जमायचे त्याच्या नावावरून हे नाव पडलं. आज बहुतेक लीगमध्ये दहा रकाने असतात. हिटरांचे, म्हणजे फलंदाजांचे, पाच : रन, होम रन, आरबीआय म्हणजे आपल्या फटक्यावर घरी आलेले रन, स्टोलन बेस म्हणजे फटका न लागता धावून चोरलेले बेस (बेस म्हणजे रन काढताना पार करायचे थांबे), आणि ॲव्हरेज. पिचरांचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांचे, पाच : विजय, सेव्ह म्हणजे थोडी आघाडी टिकवून संपवलेले सामने, स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइकवर आउट केलेले हिटर, ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे (इनिंग म्हणजे डाव) पिचरच्या खात्यावर पडलेले रन, आणि व्हिप म्हणजे प्रत्येक इनिंगमागे दिलेले हिट आणि वॉक (चुकीच्या चेंडूंमुळे हिटरला फुकट मिळालेला बेस). प्रत्येक रकान्यात पहिल्या टीमला १२ गुण, शेवटच्या टीमला १.

आता मुद्द्याकडे. जुलैत आपण म्हणतो, "हा पिक फसला." त्या एका वाक्यात तीन प्रश्न कोंबलेले असतात. मार्चमध्ये हातात असलेल्या माहितीवर निवड बरोबर होती का? आजवर त्या निवडीतून काय मिळालं? आणि आजपासून सप्टेंबरपर्यंत काय मिळेल? तिन्हींची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, बहुतेक वेळा असतातच. पहिला प्रश्न पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टसाठी. दुसरा तक्ता समजून घेण्यासाठी. आज रात्री काय करायचं हे फक्त तिसरा ठरवतो.

अकुन्याच्या बाबतीत पहिला प्रश्न घ्या. २०२३ मध्ये त्याने ४१ होम रन मारले, ७३ बेस चोरले, १४९ रन काढले, ॲव्हरेज ०.३३७. एकाच सीझनमध्ये ४० होम रन आणि ७० स्टोलन बेस ही जोडी त्याआधी कोणालाही जमली नव्हती. असा खेळाडू पहिल्या क्रमांकावर घ्यायचा नाही तर कोणाला घ्यायचं? २०२१ मध्ये त्याचा उजवा गुडघा गेला होता, आणि २०२४ च्या मार्चमध्ये त्याच गुडघ्याला पुन्हा त्रास झाला होता, ही माहिती होती. ती तोलूनही बहुतेक लीगमध्ये तो पहिलाच गेला. मग २६ मे रोजी पिट्सबर्गमध्ये, पहिल्याच इनिंगमध्ये, धावता धावता वळताना त्याच्या डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. ज्या गुडघ्याची काळजी होती तोसुद्धा नाही. ४९ सामने, ४ होम रन, १६ स्टोलन बेस, आणि वर्ष संपलं. माझ्या मित्राचा निर्णय मार्चमध्ये बरोबर होता, जुलैतही बरोबरच होता. वाईट होता तो निकाल. पुढच्या वर्षी अशीच परिस्थिती आली तर त्याने तेच करावं.

स्पेन्सर स्ट्रायडरचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहा. २०२३ मध्ये २८१ स्ट्राइकआउट आणि २० विजय मिळवणारा हा पिचरही २०२४ मध्ये खूप वर गेला, आणि दोनच सामने टाकून एप्रिलमध्ये त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली. इथेही निकाल वाईट. पण इथला धोका मार्चमध्येही डोळ्यांसमोर होता, कारण इतक्या वेगाने चेंडू फेकणाऱ्यांची कोपरं जातात आणि हिटरपेक्षा पिचर जास्त वेळा जखमी होतात. म्हणून ज्याने त्याला पहिल्या फेरीत घेतलं त्याने दुर्दैवाला बोल लावताना थोडा दोष निर्णयालाही द्यावा, असं माझं मत आहे. दुखापत झाली म्हणजे आपोआप माफी, असं नाही. त्या दुखापतीची शक्यता किंमत देतानाच मोजायची असते.

किंमत हा शब्द आला, तर तिचा उतार कसा असतो तेही पाहू. पहिल्या आणि बाराव्या क्रमांकाच्या खेळाडूंत जितकं अंतर असतं, तितकं शंभराव्या आणि एकशेबाराव्यात नसतं. सुरुवातीला उतार उभा, पुढे जवळजवळ सपाट. त्यामुळे सतराव्या फेरीतला खेळाडू फसला याला फारसा अर्थ नाही. एप्रिलमध्येच त्याला सोडून वेव्हरवरून तशाच ताकदीचा दुसरा घेता येतो. शेवटच्या आठ-दहा फेऱ्या एकेक करून तपासूच नयेत, गठ्ठ्याने तपासाव्यात : दहांतले दोन लागले तर ड्राफ्ट चांगला.

उलट वेव्हरवर काय सापडू शकतं ते २०२४ मध्येच दिसलं. ज्युरिक्सन प्रोफारने फेब्रुवारीत सॅन डिएगो पॅड्रेसबरोबर फक्त १० लाख डॉलर्सचा एका वर्षाचा करार केला होता, आमच्या लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलंसुद्धा नाही, आणि तो ऑल-स्टार सामन्यात सुरुवातीच्या नऊ जणांत उभा राहिला. पिचर पॉल स्कीन्स मार्चमध्ये मेजर लीगमध्येच, म्हणजे अमेरिकेच्या सर्वांत वरच्या बेसबॉल लीगमध्येच, नव्हता. ११ मे रोजी त्याने पहिला सामना टाकला आणि वर्ष संपताना त्याचा ईआरए १.९६ होता. म्हणून खेळाडूची तुलना करायची ती शून्याशी नाही, तर वेव्हरवर फुकट मिळणाऱ्याशी. तुमचा खेळाडू १० होम रन मारतोय, पण फुकटातलाही १० मारतोय, तर तुमच्या खेळाडूने तुम्हाला काहीच दिलेलं नाही.

आणखी एक तुलना लोक विसरतात, ती यंदाच्या भावाची. २०२३ मध्ये मेजर लीगने नियम बदलले : बेस १५ इंचांवरून १८ इंचांचे केले, पिचरने बेसवरच्या धावपटूला रोखण्यासाठी किती वेळा थांबायचं यावर मर्यादा आणली, पिचरच्या दोन चेंडूंमधल्या वेळेवर घड्याळ लावलं. परिणाम असा की २०२२ मध्ये साऱ्या लीगमध्ये मिळून २,४८६ स्टोलन बेस होते, ते २०२३ मध्ये ३,५०३ झाले. एका वर्षात सुमारे ४१ टक्के वाढ. २०२३ च्या जुलैत जो "माझा माणूस गेल्या वर्षीइतकेच बेस चोरतोय, पिक वसूल" म्हणत होता, तो खरं तर तोट्यात होता. बाजारात सगळ्यांचे पगार वाढले आणि आपला तेवढाच राहिला, तसंच हे. दुसऱ्या टोकाला, २०२४ मध्ये साऱ्या मेजर लीगची ॲव्हरेज ०.२४३ होती. हे डोक्यात असेल तर ०.२६५ वाला हिटर साधारण वाटत नाही, आणि कॅरलच्या ०.२१२ चा खड्डाही मापात दिसतो.

तो खड्डा किती खोल, हे मोजून पाहू, कारण ॲव्हरेजच्या रकान्यात डोळे फसतात. समजा कॅरलच्या जागी बसलेल्या हिटरच्या सुट्टीपर्यंत ३३० ॲट-बॅट, म्हणजे ॲव्हरेजसाठी मोजल्या जाणाऱ्या बॅटिंगच्या संधी, झाल्या. ०.२१२ ने ७० हिट होतात. त्याच्याकडून ०.२६५ ची अपेक्षा होती, म्हणजे ८७ हिट. तोटा १७ हिटचा. सगळ्या हिटरांच्या मिळून टीमच्या तोवर ३,५०० ॲट-बॅट झाल्या असतील तर टीमची ॲव्हरेज सुमारे ०.००५ ने घसरली. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण बारा टीम जवळजवळ चिकटलेल्या असतात तेव्हा ०.००५ म्हणजे तक्त्यात दोन-तीन पायऱ्या. होम रनचं गणित याहून सोपं, जे मारले नाहीत ते गेले.

आता तिसरा प्रश्न, आणि माझा जीव खरा याच प्रश्नात गुंतलेला आहे. जुलैपर्यंतच्या आकड्यांवरून पुढचं किती कळतं?

काही आकडे लवकर बोलू लागतात, काही वर्षभर बडबडले तरी खरं सांगत नाहीत. रसेल कार्लटन नावाच्या विश्लेषकाने यावर बरंच काम केलं. हिटरचं स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० वेळा बॅटिंगला आल्यावर बऱ्यापैकी विश्वासार्ह होतं, वॉकचं साधारण १२० वेळांत. आणि ॲव्हरेज? तिला ९०० च्या आसपास ॲट-बॅट लागतात. रोज खेळणारा माणूससुद्धा एका सीझनमध्ये ६०० च्या मागेपुढे थांबतो. म्हणजे जुलैतल्या ॲव्हरेजमध्ये कौशल्यापेक्षा योगायोग जास्त असतो.

योगायोग कुठून येतो हे समजायला बॅबिप नावाचा आकडा उपयोगी आहे. होम रन आणि स्ट्राइकआउट बाजूला काढा. उरले ते मैदानात पडलेले चेंडू. त्यांतल्या किती चेंडूंवर हिट मिळाला, ते प्रमाण म्हणजे बॅबिप. साऱ्या लीगमध्ये ते ०.२९० ते ०.३०० च्या आसपास राहतं. वेगाने पळणारे आणि चेंडू कडक मारणारे थोडे वर असतात. पण एखाद्याचं अचानक ०.२३० झालं तर बहुतेक वेळा त्याने मारलेले चेंडू नेमके फिल्डरच्या हातात जात असतात. २०१५ पासून सर्व ३० मैदानांवर स्टॅटकास्टची यंत्रणा प्रत्येक चेंडूचा वेग आणि कोन मोजते, आणि बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर ते सगळं कोणालाही फुकट पाहता येतं. ताशी ९५ मैलांच्या, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरच्या वर मारलेला चेंडू कडक समजतात. अशा फटक्यांचं प्रमाण गेल्या वर्षीसारखंच असेल आणि ॲव्हरेज तेवढी पडली असेल, तर धीर धरायचा. फटक्यांचा जोरच उतरला असेल, तर काळजी करायची.

जुलैपर्यंतच्या आकड्यांत मार्चचा अंदाज किती मिसळायचा? मी घरगुती माप वापरतो. मार्चमधल्या अंदाजाला ९०० ॲट-बॅटचं वजन द्यायचं आणि त्यात प्रत्यक्ष ॲट-बॅट मिळवायच्या. एका हिटरकडून ०.२८० ची अपेक्षा होती, पण ३०० ॲट-बॅटनंतर तो ०.२२० वर आहे. अंदाजाचे हिट २५२, प्रत्यक्षातले ६६, मिळून ३१८. त्यांना १,२०० ने भागा : ०.२६५. पुढच्या अर्ध्या सीझनमध्ये त्याच्याकडून ०.२६५ ची अपेक्षा धरायची. ०.२२० ची नाही, ०.२८० चीही नाही. फॅनग्राफ्स या संकेतस्थळावर झिप्स, स्टीमर असे उरलेल्या सीझनचे अंदाज तयार मिळतात. त्यांचं गणित खूप खोल आहे, पण गाभा हाच.

इथे एक गैरसमज फार पक्का बसलेला असतो. लोक म्हणतात, "पहिल्या अर्ध्यात ०.२२० मारलाय ना, मग दुसऱ्या अर्ध्यात ०.३४० मारून भरपाई करेल." भरपाई होत नाही. चेंडूला काल काय झालं ते आठवत नाही. अपेक्षा एवढीच असते की माणूस आपल्या मूळ पातळीजवळ परत येईल. वरच्या उदाहरणात दुसऱ्या ३०० ॲट-बॅटमध्ये ०.२६५ मारला तर वर्षाची ॲव्हरेज ०.२४३ च्या आसपास राहील. गमावलेले हिट गमावलेलेच.

उलट दिशेलाही नियम तोच. २०२३ मध्ये मायामीचा लुईस अराएझ जूनमध्ये ०.४०० च्या वर होता. १९४१ नंतर मेजर लीगच्या दोन भागांत, अमेरिकन आणि नॅशनल लीगमध्ये, कोणीही पूर्ण सीझन ०.४०० मारलेली नाही, त्यामुळे सारा देश बघत होता. ऑल-स्टारच्या सुट्टीला तो ०.३८३ वर होता. वर्ष संपलं तेव्हा ५७४ ॲट-बॅटमध्ये २०३ हिट, ०.३५४. आता सुट्टीनंतरचा भाग वेगळा काढून पाहा : सुमारे ०.३१५. आणि त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, त्याची ॲव्हरेज किती होती? ०.३१६. मला हे गणित पहिल्यांदा जुळलं तेव्हा मी कागद बाजूला ठेवून बराच वेळ बघत बसलो होतो. तो बिघडला नव्हता. तो स्वतःच्या जागी परत आला होता. ज्याच्याकडे तो होता त्याच्यासाठी पिक सोन्याचा ठरला, फक्त ते सोनं जुलैपर्यंतच हातात पडलेलं होतं. तेव्हा त्याला ०.३८३ च्या भावाने विकत घेणारा मात्र फसला.

आता माझी चूक. २०२४ च्या जुलैत कॅरलबद्दल काय माहीत होतं? २०२३ मध्ये २५ होम रन, ५४ स्टोलन बेस, नॅशनल लीगचा रुकी ऑफ द इयर, म्हणजे सर्वोत्तम नवोदित. त्याच्या खांद्यावर २०२१ मध्ये शस्त्रक्रिया झाली होती आणि पूर्ण सीझन एकच खेळलेला होता, म्हणून सहावा क्रमांक थोडा महाग होता, हे मी मान्य करतो. पण त्याच्या स्ट्राइकआउटचं प्रमाण फारसं बदललं नव्हतं, वॉक कमी झाले नव्हते. पाय तसेच वेगवान. ॲरिझोनाची टीम रनांचा पाऊस पाडत होती, आणि रनांचा रकाना खेळाडूइतकाच त्याच्या टीमवर अवलंबून असतो. जे आकडे लवकर बोलतात ते सगळे ठीक होते. जो आकडा खोटं बोलतो, तो ०.२१२, तेवढाच मी ऐकला. होम रन गायब होते, हे खरं, आणि तीच एक रास्त शंका होती. पण मी शंकेला खात्रीचा भाव दिला.

मी त्याला देऊन एक मधल्या दर्जाचा आउटफिल्डर आणि मायामीचा क्लोजर, म्हणजे सामन्याची शेवटची इनिंग टाकणारा पिचर, टॅनर स्कॉट घेतला. मला सेव्ह हवे होते, स्कॉटकडे होते. खरं कारण मात्र वेगळं होतं आणि ते मला तेव्हा कळत होतं : रोज सकाळी कॅरलचं नाव बघून होणारा त्रास मला संपवायचा होता. सहाव्या क्रमांकाची किंमत मोजून हे मिळालं, ही सल. ती किंमत मार्चमध्ये देऊन झाली होती. खेळाडू ठेवला काय, विकला काय, ती परत येणार नव्हती. जुलैत विचारायला हवा होता तो प्रश्न एवढाच की उरलेल्या ६५-७० सामन्यांत कोण जास्त देईल.

कॅरलने सुट्टीनंतर १७ होम रन मारले. वर्षअखेर २२ होम रन, ३५ स्टोलन बेस, १२१ रन, आणि ॲव्हरेज ०.२३१. ॲव्हरेज बघा, भरपाई झाली नाहीच. पण बाकी तीन रकान्यांत तो पहिल्या फेरीच्या जवळ आला. ॲरिझोनाने त्या वर्षी ८८६ रन केले, मेजर लीगमध्ये सर्वांत जास्त.

आणि स्कॉट? ३० जुलैला मायामीने त्याला सॅन डिएगोला पाठवलं. तिथे रॉबर्ट सुआरेझ आधीच क्लोजर होता. स्कॉटची पिचिंग बिघडली नाही, पण सामन्याची शेवटची इनिंग त्याच्याकडून गेली आणि सेव्हही बहुतेक गेले. सेव्ह हा कौशल्याचा कमी आणि हुद्द्याचा जास्त आकडा आहे. हरणाऱ्या टीमचा चांगला क्लोजर जुलैअखेर विकला जातो, हे दरवर्षी घडतं. मायामीची टीम तळाला होती आणि स्कॉटचा करार संपत आला होता, दोन्ही उघड होतं. निम्म्या सीझनवर क्लोजर तपासताना ईआरएच्या आधी त्याच्या टीमचा तक्त्यातला नंबर आणि करार बघायचा.

पिचरांबद्दल एवढ्यावर थांबवत नाही, कारण त्यांचे आकडे जास्त फसवे. २००१ च्या सुमारास व्होरोस मॅक्रॅकनने दाखवून दिलं की चेंडू एकदा मैदानात पडला की तो हिट होणार की आउट, यावर पिचरचा ताबा फार कमी असतो. त्याच्या हातात असतात ते स्ट्राइकआउट, वॉक आणि होम रन. एवढ्या तीनांवरच पिचरला मोजणारा आकडा म्हणजे फिप. ईआरए २.५० आणि फिप ४ असेल तर फिल्डर आणि नशीब त्याला उचलून धरताहेत. जुलैत अशा पिचरला विकावं, हा सर्वसाधारण सल्ला. तो मीही देतो.

पण ह्यूस्टनचा रोनेल ब्लांको आठवा. २०२४ च्या १ एप्रिलला त्याने टोरंटोविरुद्ध नो-हिटर टाकला, म्हणजे पूर्ण सामन्यात एकही हिट दिला नाही. त्याचा फिप सबंध वर्ष ईआरएच्या बराच वर राहिला, जाणकार सबंध वर्ष "आता उतरेल" म्हणत राहिले, आणि त्याने २.८० वर सीझन संपवला. मूळ पातळीकडे परत येण्याची ओढ असते, तारीख ठरलेली नसते. ६५ सामन्यांत नशीब पालटेलच असं कोणी सांगू शकत नाही. ज्याने ब्लांकोला जुलैत विकलं त्याचा निर्णय बरोबर आणि निकाल वाईट, अकुन्याच्या निवडीसारखाच.

आता सांगलीकर मित्राकडे वळू, कारण शेवटचा हिशेब त्याचा आहे. अकुन्या गेल्यावर त्याने त्याला इंज्युर्ड लिस्टच्या जागेत टाकलं आणि आउटफिल्डच्या रिकाम्या जागेत प्रोफारला बसवलं, ज्याला त्याने एप्रिलअखेर वेव्हरवरून बेंचसाठी उचललं होतं. जुलैत सगळे "अकुन्याने ४ होम रन दिले" एवढंच मोजत होते. तो म्हणाला, "अरे, मी खेळाडू मोजत नाही, जागा मोजतो. त्या जागेवर रोज कोणीतरी खेळलाय." हे वाक्य मी तेव्हा कानावरून जाऊ दिलं. आज ते मला या सगळ्या विषयातलं सर्वांत उपयोगी वाक्य वाटतं. आधी अकुन्याचे ४९ सामने आणि १६ स्टोलन बेस, पुढे प्रोफारचा हंगाम, ज्यात त्याने वर्षअखेर ०.२८० आणि २४ होम रन गाठले. पहिल्या क्रमांकाचा मोबदला नव्हता तो, पण खड्डाही नव्हता. माझ्या जागेवर मात्र कॅरल रोज खेळत होता, त्यामुळे त्याचा वाईट आकडा पूर्णच्या पूर्ण माझ्या खात्यात जात होता. जखमी खेळाडूची जागा भरता येते. रोज खेळून कमी देणाऱ्याची भरता येत नाही, कारण त्याला बाहेर बसवायचा धीर होत नाही.

आणि त्याने जुलैत तक्ताही माझ्यापेक्षा नीट वाचला. स्टोलन बेसच्या रकान्यात अकुन्याशिवायही तो दुसरा होता, वरच्यापेक्षा तीसने मागे, खालच्यापेक्षा पंचवीसने पुढे. तिथे आणखी दहा बेस चोरून एकही गुण मिळणार नव्हता. आरबीआयमध्ये मात्र त्याच्या वरच्या चार टीम पंधरा आरबीआयच्या आत होत्या. म्हणून त्याने आपला वेगवान सेकंड बेसमन देऊन एक संथ, जाडजूड फर्स्ट बेसमन घेतला. दोघांचे एकूण मोल तोलले तर त्याने थोडं जास्तच दिलं होतं. पण त्याच्या टीमला त्या दिवशी तेच हवं होतं.

सप्टेंबरअखेर तो तिसरा आला, मी सातवा. आरबीआयमध्ये त्याला त्या बदलाने तीन गुण दिले. सेव्हमध्ये मी जुलैत जिथे होतो तिथेच राहिलो.